लाल गोळी कुठून आली?

भाकरी थापता थापता ऐकणाऱ्या, गोठ्यात धार काढताना ऐकणाऱ्या, गटाच्या बैठकीत मध्ये रेडिओ ठेवून ऐकणाऱ्या, सगळ्यांना माझा नमस्कार.

आजची गोष्ट सुरू झाली ती आमच्या बचत गटाच्या बैठकीत. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, चहा आला. तेवढ्यात आशाताई आल्या. गटातल्या एका बाईची सून पाच महिन्यांची गरोदर. आशाताईंनी तिला विचारलं, "गोळ्या घेतेस ना गं?" पोरीनं मान खाली घातली. सासूबाईच बोलल्या, "मीच नको म्हणलं. गोळ्यांनी पोर लई मोठं होतं पोटात, मग बाळंतपण अडतं. आमच्या टायमाला कुठं होत्या गोळ्या? आमची झालीच की बाळंतपणं!"

कोणी काही बोललं नाही. खरं सांगते, मलाही उत्तर सुचलं नाही. "सरकार देतंय म्हणून घ्या" एवढंच माझ्या तोंडात आलं, आणि ते काही उत्तर नव्हे. ही गोळी कोणी काढली, कधी काढली, कशासाठी काढली, हे मलाच ठाऊक नव्हतं. घरी आल्यावर मी वाचायला लागले. एका गोळीच्या शोधात निघाले आणि शंभर-सव्वाशे वर्षांमागच्या आपल्या देशात जाऊन पोचले. तिथं जे सापडलं, ते आज तुम्हाला सांगते.

आधी तो काळ डोळ्यांसमोर आणा. विसावं शतक उजाडत होतं. राज्य इंग्रजांचं. दुष्काळ पाठोपाठ, आणि त्यात प्लेग. देशात प्रयोगशाळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. जगदीशचंद्र बोस कलकत्त्याच्या सरकारी कॉलेजात शिकवायला लागले, तेव्हा त्यांना इंग्रज प्राध्यापकापेक्षा कमी पगार देऊ केला. त्यांनी तीन वर्षं शिकवलं, पण तो पगार घेतला नाही. सारखं काम, सारखा दाम, हा झगडा आपल्या रोजगार हमीच्या बायांनाच करावा लागतो असं नाही, एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञालाही करावा लागला. अशा दिवसांत या देशात शोध लागत होते. काही आपल्या माणसांनी लावले, काही बाहेरून आलेल्यांनी इथं राहून लावले. त्यातल्या चार गोष्टी मी निवडल्यात.

पहिली गोष्ट प्लेगची. १८९६ सालच्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेग फुटला. सरकारनं वाल्देमार हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाला मुंबईला बोलावलं. हा माणूस मूळचा ओडेसा शहरातला. कॉलऱ्याच्या लशीसाठी तो आधीच हिंदुस्थानात येऊन गेला होता. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला जागा मिळाली ती एक खोली आणि एक व्हरांडा. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर त्यानं प्लेगची लस करायला घेतली.

लस करायची तर आधी प्लेगचे जंतू वाढवायला लागतात. मग ते मारून त्यांची लस करायची. जंतू वाढायला त्यांना खाऊ लागतो. इथल्या लोकांच्या धर्मभावना दुखवू नयेत म्हणून हाफकिननं त्यासाठी बोकडाच्या मटणाचा रस्सा वापरला. आणि त्या रश्शावर त्यानं काय सोडलं असेल? तुपाचे थेंब! तूप वर तरंगतं, आणि त्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढतात. आपल्या चुलीवरचं तूप असं प्रयोगशाळेत जाऊन बसलं.

लस तयार झाली. पण ती पहिल्यांदा टोचायची कोणाला? १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिननं ती स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखलं, पण तो बरा झाला. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात जे कैदी आपणहून पुढं आले, त्यांना टोचली.

आता दुसरी तारीख ऐका. १० मार्च १८९७. बरोबर दोन महिन्यांनी, पुण्यात, सावित्रीबाई फुले गेल्या. मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात त्या प्लेगच्या रोग्यांची सेवा करत होत्या. प्लेग झालेल्या एका मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं, आणि त्यांनाच प्लेगनं गाठलं. मुंबईत लस नुकती कुठं सुरू होत होती. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की माझ्या पोटात कालवतं. औषध निघणं वेगळं आणि ते माणसापर्यंत पोचणं वेगळं. या दोहोंच्या मधे जो वेळ जातो, त्यात माणसं जातात.

लोक लशीला घाबरत होते, आणि त्यांची भीती वेडेपणाची नव्हती. प्लेगच्या नावाखाली गोरे सोजीर घरात घुसत, बायाबापड्यांची तपासणी करत, सामान जाळत. जे सरकार असं वागतं त्याच्या सुईवर विश्वास कसा बसावा? त्यात १९०२ साली पंजाबातल्या मलकोवाल नावाच्या गावी घात झाला. एका दिवसात १०७ लोकांना लस टोचली. त्यातली एक बाटली १९ जणांना गेली होती. त्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि सगळे दगावले. दोष हाफकिनवर आला, त्याचं काम काढून घेतलं गेलं. पुढं तपासात कळलं की लस वाईट नव्हती. गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट शुद्ध न करताच वापरला होता. हे मान्य होऊन हाफकिनवरचा डाग पुसायला १९०७ साल उजाडलं. परळला आज जी हाफकिन संस्था आहे, तिला १९२५ साली त्याचं नाव मिळालं.

यातून मी एक शिकले. कोणी भ्यालं तर त्याला अडाणी म्हणून गप्प करायचं नाही. काय घडलं ते शोधायचं, उघड सांगायचं, तेव्हा कुठं विश्वास बसतो.

आणखी एक सांगते. आपल्या आज्या-पणज्या सांगायच्या, "घरात उंदीर पडायला लागले की घर सोडायचं, रानात झोपडी टाकायची." गावंच्या गावं अशी माळावर राहायला जात. शास्त्रज्ञांना मात्र उंदराचा आणि माणसाच्या प्लेगचा धागा जुळत नव्हता. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं दाखवलं की मेलेल्या उंदराच्या अंगावरची पिसू प्लेग पसरवते. कोणी मनावर घेतलं नाही. १९०५ नंतर मुंबईत मोठी तपासणी झाली, पुन्हा पुन्हा प्रयोग झाले, तेव्हा ते पटलं. आज्यांना पिसू ठाऊक नव्हती, पण त्यांचं पाहणं खरं होतं. विज्ञानानं त्या पाहण्यामागचं कारण दिलं.

दुसरी गोष्ट शेतातली. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या एका तांत्रिक शाळेत यंत्रांची रेखाचित्रं काढायला शिकवायचे. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावललं आणि जागा गोऱ्यांच्या गोतातल्या माणसाला दिली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावला सायकलींचं दुकान चालवलं. पण डोक्यात यंत्रं. आधी त्यांनी कडबा कापायचं यंत्र केलं. मग त्यांचं लक्ष नांगराकडं गेलं.

लाकडी नांगर तुम्ही काहीजणींनी पाहिला असेल. तो जमीन चिरत जातो, उलटवत नाही. हराळी, कुंदा मुळासकट निघत नाही. आणि मुळं खाली राहिली की पुढचे चार महिने खुरपं कोणाच्या हातात? आपल्याच. लोखंडी नांगर ढेकूळ उलटा करतो, मुळं उन्हात पडतात. तो विलायतेहून येत होता, पण महाग. लक्ष्मणरावांनी १९०३ साली आपल्याकडं लोखंडी नांगर तयार केला.

आणि शेतकऱ्यांनी तो घेतला नाही. का? तर लोखंडानं जमिनीला विष चढतं, अशी समजूत. पहिल्या नांगरांना गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षं गेली. त्यांनी लोकांना नावं ठेवली नाहीत. नांगर चालवून दाखवला, कुठं कमी पडतो ते ऐकलं, सुधारला. एकाच्या शेतात पीक उभं राहिलेलं दुसऱ्यानं बांधावरून पाहिलं, तेव्हा नांगर खपायला लागला. बांधावरच्या बोलण्याची ताकद आपल्याला का सांगायला हवी?

१९१० साली बेळगावातली जागा सोडायची वेळ आली. औंधच्या राजांनी त्यांना कुंडल स्टेशनाजवळ माळरान दिलं. निवडुंगानं भरलेल्या त्या माळावर कारखाना आणि वस्ती उभी राहिली, तीच सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी. आणि नांगराच्या त्याच वाडीतून १९३० साली 'स्त्री' नावाचं मासिक निघायला लागलं. आपल्या आधीच्या किती बायांनी ते कंदिलाच्या उजेडात वाचलं असेल. लोखंडाच्या कारखान्यातून बायकांचं मासिक निघालं, हे मला फार आवडतं.

आता तिसरी गोष्ट. हीच ती लाल गोळीची.

१९२८ साल. मुंबईत गरोदर बाया मरत होत्या. बाई सातव्या-आठव्या महिन्यात पांढरीफटक पडायची, पाय सुजायचे, धाप लागायची, आणि बाळंतपणाच्या आगेमागे जायची. रक्त तपासलं की दिसायचं, रक्तातल्या तांबड्या पेशी फार कमी झाल्यात, आणि ज्या आहेत त्या नेहमीपेक्षा मोठ्या, फुगलेल्या. हा नेहमीचा, लोह कमी पडल्याचा पंडुरोग नव्हता. त्यात पेशी लहान होतात. हा दुसराच काही होता.

बाळंतपणात बाया का मरतात हे शोधायला एक मोठी पाहणी निघाली होती. तिला पैसा दिला होता इंडियन रिसर्च फंड असोसिएशननं. तीच संस्था पुढं आयसीएमआर झाली, करोनाच्या वेळी जिचं नाव आपण रोज ऐकत होतो. या कामासाठी लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर बाई मुंबईला आली. वय चाळीस. तिची प्रयोगशाळा होती परळच्या हाफकिन संस्थेत, म्हणजे आपल्या पहिल्या गोष्टीतल्याच ठिकाणी.

लुसीबाईंनी काय केलं? रक्त तपासलंच. पण त्यांनी एक साधा प्रश्न विचारला, "तुम्ही जेवता काय?" गरीब घरच्या, चाळीतल्या, गिरणीत राबणाऱ्या बाया, पडद्यात राहणाऱ्या बाया, सुखवस्तू घरच्या बाया. कोणाच्या ताटात काय, हे त्यांनी नोंदवलं. आणि दिसलं असं की हा रोग ताटाच्या मागोमाग चालतो. जिच्या ताटात पालेभाजी नाही, फळ नाही, दूध नाही, मांस-मच्छी नाही, तीच पांढरी पडते. सगळ्यांत हलाखीचं जेवण ज्या गरीब मुसलमान बायांचं होतं, त्यांच्यात हा रोग सगळ्यांत जास्त. देवाचा कोप नाही, नशीब नाही, जातीचा-धर्माचा दोष नाही. ताटाचा दोष.

मग त्यांनी तसंच निकस जेवण उंदरांना आणि माकडांना देऊन पाहिलं. त्यांचंही रक्त उतरलं. आता यावर उतारा काय? पुष्कळ काही देऊन पाहिलं. शेवटी यीस्टचा अर्क दिला. यीस्ट म्हणजे पाव फुगवायला जे घालतात ते. बिअरच्या कारखान्यात उरलेल्या यीस्टपासून काळपट, खारट, घट्ट असा एक पदार्थ विलायतेत मिळतो, मार्माइट नावाचा. पावाला लावून खातात. स्वस्तातली वस्तू. तो दिल्यावर मरायला टेकलेलं माकड उठून बसलं. मग बायांना दिला. काही दिवसांत रक्तात नव्या पेशी दिसायला लागल्या. ज्या बाया उठून बसत नव्हत्या त्या चालायला लागल्या. १९३१ साली लुसीबाईंनी हे छापून जगाला सांगितलं.

पण मार्माइटमध्ये नेमकं काय होतं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. 'काहीतरी' आहे एवढंच ठाऊक. त्या 'काहीतरी'ला लोक 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले. दहा वर्षांनी, १९४१ साली, अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी ते वेगळं काढलं. कशातून काढलं? पालकातून! चार टन पालक घेतला तेव्हा कुठं ते थोडंसं हाती आलं. लॅटिन भाषेत पानाला 'फोलियम' म्हणतात. म्हणून त्याचं नाव पडलं फोलिक ॲसिड. म्हणजे पाल्यातलं सत्त्व म्हणा ना. पुढं ते कारखान्यात करता यायला लागलं आणि स्वस्त झालं.

तर मैत्रिणींनो, आशाताई जी लाल गोळी देतात, तिच्यात दोन गोष्टी असतात. एक लोह. दुसरं हे फोलिक ॲसिड. ते शोधायचं काम आपल्या मुंबईत सुरू झालं, आपल्यासारख्याच गरीब, राबणाऱ्या, गरोदर बायांच्या रक्तावरून. लुसीबाईंचं नाव पुस्तकात आहे. ज्या बायांनी बोट पुढं केलं, "काय जेवता?" याचं खरं उत्तर दिलं, अनोळखी काळा अर्क विश्वासानं तोंडात घातला, त्यांची नावं आपल्यापर्यंत पोचली नाहीत. पण त्यांच्यामुळं जगभरातल्या आया वाचल्या. गोळी हातात घेताना मला आता त्या आठवतात.

चौथी गोष्ट एका दाराची. १९३३ साल. मुंबईची एक मुलगी, कमला भागवत, बी.एस्सी.ला पहिली आली. लेखिका दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. तिचे वडील आणि काका दोघंही बंगळूरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत शिकलेले. ही संस्था १९०९ साली सुरू झालेली, देशातली नावाजलेली. कमलाबाईंनी तिथं अर्ज केला. संस्थेचे प्रमुख होते सर सी. व्ही. रामन. २८ फेब्रुवारी १९२८ ला त्यांनी प्रकाशाबद्दल मोठा शोध जाहीर केला होता आणि १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं होतं. आजही २८ फेब्रुवारीला आपल्या शाळांत विज्ञान दिन होतो तो त्यामुळंच. एवढा मोठा माणूस. त्यांनी अर्ज परत पाठवला. कारण एकच, मुलगी आहे.

कमलाबाई घरी बसल्या नाहीत. बंगळूरला गेल्या, त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि कारण विचारलं. गांधीजींच्या सत्याग्रहाचे दिवस होते. मला घेत नाही तोवर मी इथून हलणार नाही, असा त्यांनी पवित्रा घेतला. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटी घालून. एक वर्ष पक्की विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही. सर सांगतील तेव्हा रात्रीसुद्धा काम करायचं. आणि तिथल्या पुरुषांचं लक्ष विचलित होईल असं वागायचं नाही. ऐका! परीक्षा तिची, आणि चित्त विचलित होणार त्यांचं!

वर्षभर त्यांनी खालमानेनं नव्हे, ताठ मानेनं काम केलं. काम कशावर? दुधातल्या आणि डाळी-कडधान्यांतल्या प्रथिनांवर. म्हणजे जे आपण रोज चुलीवर शिजवतो, त्यात अंगाला लागणारं काय आहे यावर. वर्षानंतर रामनसरांनी त्यांना पक्का प्रवेश दिला, आणि त्यानंतर त्या संस्थेचं दार इतर मुलींनाही उघडलं. कमलाबाई पुढं केंब्रिजला गेल्या. बटाट्यावर काम करताना त्यांना दिसलं की प्राण्यांप्रमाणं वनस्पतीच्या पेशींतही श्वसनाला लागणारा एक विशिष्ट पदार्थ असतो. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ती मिळवणाऱ्या सुरुवातीच्या भारतीय महिलांपैकी त्या एक. लग्नानंतर त्या कमला सोहोनी झाल्या. स्वातंत्र्यानंतर त्यांनी नीरेचा अभ्यास केला. नीरा आणि ताडगूळ आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना दिलं तर तब्येत सुधारते, हे त्यांनी दाखवलं आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रपतींचं पारितोषिक मिळालं. बघा, गोष्ट फिरून पुन्हा गरोदर बाईच्या ताटाशीच आली.

म्हणून मला वाटतं, विज्ञान म्हणजे केवळ मोठी यंत्रं आणि पांढरे कोट नव्हेत. उंदीर का पडतात, जमीन का उलटत नाही, बाई पांढरी का पडते, डाळीत काय असतं, असं कोणीतरी विचारलं आणि 'नशीब' या उत्तरावर थांबलं नाही, तिथून ते सुरू झालं. आणि प्रत्येक वेळी मधे काहीतरी आडवं आलं. कधी भीती, कधी समजूत, कधी मोठ्या माणसाचा गैरसमज. अडाण्यालाही समजूत असते आणि नोबेलवाल्यालाही. ती निघते पाहून, करून, दाखवून.

आता आमच्या बैठकीकडं परत येते. पुढच्या महिन्यात मी ही लुसीबाईंची गोष्ट गटात सांगितली. बाई पांढरी पडायची, पाय सुजायचे, धाप लागायची, असं मी सांगत होते, आणि त्या सासूबाई मधेच म्हणाल्या, "माझी आई अशीच गेली."

सगळ्या गप्प झाल्या.

"मी सहा वर्षांची होते," त्या म्हणाल्या. "धाकट्याच्या बाळंतपणात. पांढरी पडली होती, कापसागत. पाय हे एवढे सुजलेले. लोक म्हणाले, बाहेरची बाधा झाली."

मग त्यांनीच सुनेकडं पाहिलं. "डबी आण गं तुझी." पोरीनं पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं. सासूबाईंनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाल्या, "आमच्या टायमाला कुठं होत्या गोळ्या, असं मी म्हणायची. नव्हत्याच. म्हणून तर गेली ती."

त्या पोरीला आता मुलगी झाली आहे. दोघी बऱ्या आहेत. गोळ्या चुकू नयेत म्हणून रोज रात्री पाणी घेऊन उभ्या राहायच्या त्या सासूबाईच.

जाता जाता, गोळीबद्दल नेहमी विचारल्या जाणाऱ्या चार गोष्टी सांगते. पहिले तीन महिने नुसती फोलिक ॲसिडची गोळी मिळते. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा सुरुवातीलाच घडतो, त्याला ती लागते. चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी, निदान १८० दिवस. बाळंतपणानंतरही १८० दिवस. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. चहा, दूध आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका, लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलेलं जेवण चांगलं. शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका. गोळीनं बाळ अवाजवी मोठं होत नाही. फार त्रास झाला तर गोळी उकिरड्यावर टाकू नका, आशाताईंना किंवा नर्सबाईंना सांगा. आणि मेथी, पालक, शेवग्याचा पाला, हरभरा, मूग ताटात असू द्या. पालेभाजी फार वेळ उकळून पाणी फेकून देऊ नका, पाल्यातलं सत्त्व त्या पाण्याबरोबर जातं. आणि मुख्य म्हणजे, ती भाजी सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर उरली तर सुनेला, असं करू नका. आधी तिला.

गटात बोलायला आजचे तीन प्रश्न: तुमच्या आजीची किंवा पणजीची कोणती समजूत पुढं खरी ठरली, आणि कोणती सोडावी लागली? तुमच्या घरात गरोदर बाई कितव्या पंगतीला जेवते? आणि तुमच्या गावात असं कोणतं दार आहे, जे मुलींसाठी अजून अर्धंच उघडं आहे?

बोला, भांडा, पण गप्प राहू नका. पुढच्या वेळी भेटू. तोवर नमस्कार.